फ्लॉरेन्सच्या झेडटीएलचा (परवान्याशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा) दंड घरपोच आलाय. भरू की भांडू?

निशिगंध
मंडळी, इटलीत गाडी चालवलेल्या कुणाचा तरी सल्ला हवाय. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे टस्कनी फिरलो, पिसा विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन. आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचा परवाना, पुण्याच्या आरटीओतून रीतसर काढून नेलं होतं. नोव्हेंबरात गाडीवाल्या कंपनीने नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावरून दोनदा पैसे कापले, दर वेळी पन्नास युरोच्या आसपास. मेलमध्ये लिहिलं होतं 'प्रशासकीय शुल्क'. आम्ही म्हटलं, झालं, दंड गेला एकदाचा.

आणि काल पोस्टमन रजिस्टर्ड पाकीट देऊन गेला. आत दोन नोटिसा, दोन्ही फ्लॉरेन्सच्या, एकाच मंगळवारच्या. पहिली संध्याकाळी ५:४८ ची, म्हणजे हॉटेलवर पोचतानाची. दुसरी ७:२१ ची. सामान उतरवून नवरा गाडी स्टेशनजवळच्या पार्किंगला लावायला गेला, तेव्हा नकाशाने बाहेर काढून पुन्हा आत आणलं होतं.

हे खरं पत्र आहे की फसवणूक? आणि कंपनीने पैसे घेतलेत, मग पुन्हा कसले? सासरे म्हणतात, फाडून टाका. सासूबाईंना पुढच्या वर्षी दिरांकडे म्युनिकला जायचंय, त्या म्हणतात भरून मोकळे व्हा.

चष्मिष्ट
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. इटलीचा पोलीस कोथरूडला येऊन भांडीकुंडी जप्त करणार आहे का? इथली ई-चलनं लोक वर्षानुवर्षं भरत नाहीत.

बोलोन्याचा बाळ्या
चष्मिष्टराव, पोलीस येणार नाही हे खरं. पण साठ दिवसांनी रक्कम दुप्पट होते आणि मग वसुली एजन्सीची पत्रं सुरू होतात. ज्यांना पुन्हा युरोपात यायचंय त्यांनी हे लोढणं कशाला गळ्यात ठेवायचं? शेंगेन व्हिसाच्या फॉर्मवर वाहतूक दंडाचा रकाना नाही, त्यामुळे ताई, म्युनिकची भीती उगाच घेऊ नका. पण भीती नाही म्हणून देणं बुडतं असंही नाही.

आता मुद्द्याचं. कंपनीने घेतले तो दंड नव्हेच. पोलिसांनी नंबरप्लेटवरून कंपनीला विचारलं, कंपनीने तुमच्या यजमानांचं नाव-पत्ता कळवला, त्या कळवण्याची ती फी. दोन नोटिसा, म्हणून दोनदा. भाडेकरारात बारीक अक्षरांत हे असतं आणि माझ्या मते ती शुद्ध लूट आहे, पण सही केलेली असते. खरा दंड आत्ता आलाय. सात महिन्यांनी आला म्हणून बाद होत नाही. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इथल्या कायद्यात ३६० दिवस आहेत.

खरंखोटं ओळखायला गाडीचा नंबर, वेळ आणि रस्त्याचं नाव करारातल्या तारखांशी जुळवा. पैसे भरायला पत्रातला क्यूआर स्कॅन करू नका. महापालिकेच्या अधिकृत साइटवरून दंडाच्या पानावर जा आणि तिथे नोटिशीचा क्रमांक टाका. एसएमएसवर आलेली लिंक असेल तर मात्र सरळ डिलीट.

रक्कम अशी. झेडटीएलचा किमान दंड ८३ युरो. पाकीट हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, म्हणजे ५८.१०, वर टपालखर्च. साठ दिवसांपर्यंत पूर्ण ८३. त्यानंतर १६६. पाकीट कालच आलंय म्हणताय, तर हातात अजून चार दिवस आहेत.

मात्र दोन्ही एकदम भरू नका! हॉटेल झेडटीएलच्या आत होतं ना? मग सामान उतरवायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाडीचा नंबर हॉटेलला कळवता येतो. त्यांनी कळवला होता का, ते आजच मेल करून विचारा. ७:२१ च्या नोटिशीला काही बचाव दिसत नाही. फ्लॉरेन्समध्ये कामाच्या दिवशी रात्री आठपर्यंत बंदी असते आणि नकाशाने नेलं हे कारण कुणी ऐकत नाही. खांबावर 'वार्को अत्तिवो' पेटलेलं असेल तर कॅमेरा सुरू आहे, परवाना नसेल तर आत शिरायचं नाही. आमच्याकडे बोलोन्यात तर या कॅमेऱ्यांना सिरिओ असं गोंडस नाव दिलंय, आणि तो रोज सकाळी सात ते रात्री आठ जागा असतो.

हिंजवडी_लोकल
कार्डाने भरणार असाल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, ते मुळात बंद असतात. बँक ट्रान्सफरच्या नादी लागू नका. पैसे तिकडे जमा होईपर्यंत पाच दिवस उलटतात आणि मधल्या बँकेने शुल्क कापलं तर रक्कम अपुरी पडते. कार्डाची पावती लगेच मिळते, ती पीडीएफ जपून ठेवा.

निशिगंध
बाळ्यादादा, तुम्ही म्हणालात म्हणून हॉटेलला लिहिलं. तासाभरात उत्तर! नंबर त्याच दिवशी कळवला होता म्हणे, सोबत त्यांच्या नोंदीचा फोटो. पण त्यात शेवटची दोन अक्षरं उलटसुलट पडली आहेत. नवऱ्याने चेक-इनच्या वेळी दिलेल्या चिठ्ठीवर नंबर बरोबर आहे, तिचाही फोटो त्यांनी शोधून पाठवला. ७:२१ वाली आत्ताच भरली, सूट मिळाली. पहिलीचं काय करू?

बोलोन्याचा बाळ्या
ती भरू नका, भरली की हरकत घ्यायचा हक्क संपतो. साठ दिवसांच्या आत प्रीफेत्तोकडे, म्हणजे सरकारच्या जिल्ह्यातल्या प्रतिनिधीकडे, अर्ज करता येतो, त्याला फी नाही. दुसरा मार्ग न्यायाधीशाचा, जुदिचे दी पाचे म्हणतात त्याला, पण तिथे ४३ युरो कोर्ट फी आहे. ८३ साठी ४३ घालवण्यात काय मजा?

एक धोका आधीच सांगतो. प्रीफेत्तोने अर्ज फेटाळला तर किमान दंडाच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते. तुमची कागदपत्रं बघता मी तरी ही जोखीम घेतली असती. अर्ज इटालियनमध्येच लिहा, चार वाक्यं पुरेत: हॉटेलचं आरक्षण होतं, नंबर वेळेत दिला, नोंदताना हॉटेलकडून अक्षरं उलटली, पुरावे सोबत. हॉटेलकडून त्यांच्या लेटरहेडवर चूक मान्य केल्याचं पत्र घ्या, सगळी भिस्त त्याच्यावर आहे. यजमानांची सही आणि पासपोर्टची प्रत जोडायला विसरू नका, नोटीस त्यांच्या नावावर आहे. मजकूर इथे टाका, नावं आणि नंबर खोडून. व्याकरण मी बघतो.

चष्मिष्ट
मग ती पन्नास-पन्नासची फी कंपनी परत देणार का?

बोलोन्याचा बाळ्या
नाही. फार तर पहिलीची हॉटेलकडे मागून बघा, चूक त्यांचीच आहे.