अलिप्तता आणि ओझरचा कारखाना

अमेरिका किंवा सोव्हिएत संघ, कोणत्याच लष्करी गटात न जाण्याचे भारताचे धोरण म्हणजे अलिप्तता. ती म्हणजे निव्वळ कुंपणावर बसणे, असे काहीजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. आपल्या नाशिकजवळचा ओझरचा विमान कारखानाच पाहा. १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ लढाऊ विमानांचा करार केला आणि त्याच वर्षी चीनने आक्रमण केल्यावर नेहरूंनी अमेरिकेकडेही लष्करी मदत मागितली. पुढे मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची विभागणी झाली. आज त्याच ओझरला रशियन आराखड्याची सुखोई लढाऊ विमाने तयार होतात आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथूनच उडालेल्या तेजस मार्क-१ए या भारतीय लढाऊ विमानाचे इंजिन अमेरिकन आहे. (ती इंजिने वेळेवर मिळत नाहीत म्हणून विमाने रखडतात, हेही खरे.)

तटस्थ ऑस्ट्रियाची गोष्ट निराळी. १९५५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर तळ ठोकून असलेल्या परकीय फौजा बाहेर पडाव्यात, यासाठी त्या देशाने कायमची तटस्थता पत्करली आणि ती कायद्यात लिहिली. भारताने स्वतःला असे बांधून घेतले नव्हते, म्हणूनच अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूने उभे असताना ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार करता आला. त्याने अलिप्ततेला मुरड पडली हे मान्य, पण १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हाची आपली मिळमिळीत भाषा मला त्याहून अधिक खटकते.

तोवर लष्करी गटांबाहेर राहिलेला फिनलंड २०२३ मध्ये नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीत गेला, कारण शेजारी रशियाशी त्याची १३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे. त्याच्या निर्णयावरून आपल्या धोरणाचे माप काढता येत नाही.