रोंडोला मराठीत काय म्हणाल?

शाईदौत: मुलांच्या पियानो कार्यक्रमाची पत्रिका मराठीत करतेय. बेथोवनच्या 'पाथेतिक' सोनाटाचा (१७९९) शेवटचा भाग रोंडो आहे. मुख्य सुरावट, मग निराळं काही, परत मुख्य, परत निराळं, असं. मी 'आवर्तन' लिहिलं, तर साथीच्या तबलजींनी त्यावर काट मारली.

तीनताल: योग्यच केलं. आवर्तन म्हणजे तालाचा एक फेरा, समेपासून समेपर्यंत. त्यात सुरावटीचा काय संबंध?

जुनीपोथी: 'ध्रुवपद' लिहा की. आरतीच्या पुस्तकात ॥धृ.॥ असतं ते हेच. आयता शब्द असताना उसनवारी कशाला?

तीनताल: ध्रुवपद वाचून लोकांना धृपद गायकी वाटेल, पखवाज शोधतील.

आंबोळी: मग पालुपद?

शाईदौत: पालुपद हे परतणाऱ्या तुकड्याचं नाव. रोंडो हे सबंध रचनेचं. शिवाय आरतीची सगळी कडवी एकाच चालीत असतात. इथे मधला प्रत्येक तुकडा नव्या चालीचा, बहुधा स्वरपट्टीही बदललेली. मुख्य सुरावट सी मायनरमध्ये, पहिला मधला तुकडा ई फ्लॅट मेजरमध्ये.

तीनताल: मग रागमाला जवळची. दर अंतऱ्याला राग बदलतो आणि मुखड्यावर यायचं.

खर्ज: मोझार्टचा 'तुर्की' रोंडो कुठे बसवाल? त्यात सुरुवातीच्या तुकड्यापेक्षा दुसराच वरचेवर परततो. रोंडोच लिहा. पियानो चालतो, सोनाटा चालतो, रोंडोनं काय घोडं मारलंय?

जुनीपोथी: अशानं एक दिवस क्रियापदंच तेवढी मराठी उरतील.

आंबोळी: आमचे आजोबा रात्री 'रोंद' फिरायचे, म्हणजे गस्त घालायचे. रोंद आणि रोंडो सख्खे भाऊ तर नव्हेत? दोन्हींत फिरून जागेवर येणं आहेच.

खर्ज: चुलतही नसतील. रोंडो फ्रेंच 'रोंदो'वरून, त्याच्या मुळाशी गोल. रोंद मात्र पोर्तुगीज 'रोंदा'वरून आला असावा, आणि तो 'रोंदा' काही कोशकार अरबीपर्यंत नेतात.

जुनीपोथी: पोर्तुगीज कशाला? सरळ इंग्रजी 'राउंड'. आमच्याकडचा वॉचमन आजही राउंडच मारतो.

आंबोळी: वॉचमनचं सोडा हो. आजोबांचा रोंद किल्ल्यावरच्या जुन्या कागदांतला, तेव्हा कुठला आलाय वॉचमन!

जुनीपोथी: कागद दाखवा, मग बोलू.