मनोविकाराच्या गोळीनं वजन वाढतं तो दोष पेशंटचा नाही. शुगर पहिल्या दिवसापासून तपासा

पऱ्हाटी
माझं म्हणणं आधीच मांडतो. स्किझोफ्रेनियासारख्या भासांच्या आजारासाठी ज्याला ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू होते, त्याचं वजन, कंबर आणि उपाशीपोटीची शुगर त्याच दिवशी कार्डावर लिहिली गेली पाहिजे. आमच्या भागात पेशंट एसटीनं जिल्ह्याला जातो, चिठ्ठी दाखवतो आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन परत येतो. वजनकाटा तिथंच कोपऱ्यात असतो.

माझा चुलतभाऊ 22 वर्षांचा. गोळ्यांनी त्याचे भास थांबले, तो पुन्हा वावरात जायला लागला. या गोळ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण रात्री दोनदा-तीनदा उठून तो टोपल्यातली भाकर कोरडीच खातो. शेजारच्या बाया म्हणतात, गोळी मानवली, अंगाला लागलं. दवाखान्यात म्हणतात, तोंडावर ताबा ठेव. कसा ठेवेल? हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं मेंदूतल्या ज्या ठिकाणी काम करतात, त्यातली भूक आवरणारी ठिकाणंच ही औषधं अडवतात. पोट भरलं तरी भरल्यासारखं वाटत नाही.

आणि गोष्ट भुकेवर संपत नसावी असं मला वाटतं. जनुकं तीच राहतात, पण कोणतं चालू आणि कोणतं बंद हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलू शकतात. व्हॅल्प्रोएट, जे फिट्ससाठी आणि मूड सांभाळायलाही देतात, ते अशा खुणा पुसणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) अडवतं, हे 2001 पासून माहीत आहे. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्यांच्या एका जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या निघाल्या. मग रोजच्या गोळीचा परिणाम शरीर लक्षात ठेवत असेल, ही शक्यता धरूनच चाललं पाहिजे.

मेडिकलवाला
भाऊ, शुगर तपासा म्हणता ते शंभर टक्के बरोबर हाय. पण हे जनुकाचं गावात काढू नका. माह्या दुकानात मायबाप येतात. पोराचं लगन जुळून रायलं का पयला प्रश्न हाच, "लेकरायले बी होईन का?" त्यायले तुम्ही खुणा-बिणा सांगसान, तर गोळी दुसऱ्या दिवशी बंद. मंग पोट्टं पुन्हा रात्रभर धुऱ्यावर बडबडत फिरते. वजन वाढलेला पोरगा मले चालते, गोळी सोडलेला नाही चालत.

सावनेर_जीवशास्त्र
पऱ्हाटीभाऊ, तपासणीच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, पण आधार कच्चा घेतलात. हॉलंडचा दाखला गर्भातल्या बाळांचा आहे. घडून पूर्ण झालेल्या शरीरावर गोळी तेच करते, असं त्यावरून निघत नाही. औषध घेणाऱ्यांच्या खुणांचे बरेच अभ्यास रक्तावरचे, आणि त्यात माणसं थोडी. मेंदूत किंवा यकृतात काय चाललंय ते रक्तावरून कळेलच असं नाही. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातल्या खुणा बिडीनंच बदलतात, मग गोळीचा वाटा वेगळा कसा काढणार? वेडाचा आजार असलेल्या घराण्यांत मधुमेह बऱ्याचदा दिसतो, असं इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉडस्ले यांनी 1879 मध्येच लिहिलं होतं, म्हणजे या गोळ्या जन्माला यायच्या कितीतरी आधी. आजाराचा स्वतःचाही वाटा आहे.

मेडिकलवाल्या भाऊंच्या काळजीला तर पुरावाच आहे. फिनलंडमधला 11 वर्षांचा अभ्यास 2009 साली आला. वजन सर्वांत जास्त वाढवणाऱ्यांपैकी एक क्लोझापिन, पण मृत्यूचा धोका तीच घेणाऱ्यांत सर्वांत कमी, आणि काहीच न घेणाऱ्यांत जास्त.

पऱ्हाटी
गोळी बंद करा असं मी कुठं म्हटलं, सर? अभ्यास थोडे आहेत हे मान्य. पण खात्रीचा पुरावा येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर आमची पोरं तिशीतच इन्सुलिनवर जातील. आपल्याकडे बाळं जन्मतानाच किरकोळ वजनाची, पण चरबी राखून असलेली, हे पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय. अशा शरीरावर ही गोळी पडते. 2004 साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी मिळून नियम घातला: वजन सुरुवातीला, मग 4, 8 आणि 12 आठवड्यांनी, शुगर सुरुवातीला आणि 12 आठवड्यांनी, पुढे दरवर्षी. वाढ दिसली तर डॉक्टर औषध बदलू शकतात, ॲरिपिप्राझोलनं वजन बरंच कमी वाढतं, किंवा जोडीला मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन देतात. पण वाढ दिसायला आधीचा आकडा तर हवा!

आणि एक. गावात आशाताई कंबर मोजतात, शुगर बघायला पाठवतात, पण ती मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी. हा भासांचा आजार बहुधा सुरू होतो विशी-पंचविशीत. म्हणजे ज्याला सर्वांत आधी टेप लावायला हवी, तोच यादीबाहेर.

गटप्रवर्तक
दादा, यादीचं म्हणता ते खरं आहे, पण आशांवर हे टाकू नका. तरण्या पोराच्या घरी आशा दर महिन्याला टेप घेऊन जायला लागली, की चौथ्या दिवशी अख्ख्या गावाला कळतं त्याला कशाच्या गोळ्या आहेत. बहिणीचं स्थळसुद्धा मोडतं. मी हे होताना पाहिलंय. मोजणी जिल्ह्यालाच व्हावी, गोळ्या घेतानाच.

मेडिकलवाला
ताई, उपाशीपोटी जिल्ह्याला जाणं कसं जमन? पयली एसटी धरली तरी नंबर लागेपर्यंत दुपार होते. त्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करा, तिले उपाशी राहाची गरज नाही.

सावनेर_जीवशास्त्र
विदर्भात त्या तपासणीवर एकटीवर भिस्त ठेवू नका. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे किती घरांत आहे ते ताईंना विचारा. तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे सिकलसेलच्या पेशंटची एचबीएवनसी खरी शुगर असते त्यापेक्षा कमी दाखवू शकते. उपाशीपोटीचीच बघावी लागेल.

गटप्रवर्तक
मग उपकेंद्रातच करा. समुदाय आरोग्य अधिकारी सकाळी बीपी-शुगरवाल्या म्हाताऱ्यांची रांग लावतात. त्यात हा पोरगा बसला तर आजोबाला घेऊन आला असंच लोक समजतील. फक्त जिल्ह्याच्या डॉक्टरांनी कार्डावर "दर तीन महिन्यांनी वजन, कंबर, उपाशीपोटी शुगर" एवढं लिहून सही करावी. ते नसेल तर वय बघून आमचेच लोक त्याला परत पाठवतील.