मदत हवी आहे – जॅकार्ड डिझाईनचा संध्याकाळचा क्लास सोलापुरात कुठाय?

नमस्कार मंडळी, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात कामाला आहे, आमचे जॉबर (माग लावणारे, दुरुस्त करणारे) अण्णा म्हणजे लई कष्टाळू माणूस ओ, सगळ्यांच्या आधी हजर आणि नुसत्या आवाजावरून सांगतात कुठला माग बिघडलाय. जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायचं काम मला त्यांनीच शिकवलं. आधी ग्राफ पेपरवर नक्षी, मग कार्डं पंच करायची, बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला एक कार्ड, जिथं भोक तिथला ताणा (उभा धागा) वर उचलतो, एक भोक चुकलं की अख्ख्या चादरीत तीच चूक फिरून फिरून येते. ओरडतात पण, पण शिकवताना हातचं राखत नाहीत.

आता मालक इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आणायचं म्हणतायत, त्यात कार्डं नाहीत, डिझाईन सरळ कॉम्प्युटरवरून जातं. बाकीचे जुने लोक नाकं मुरडतायत आणि अण्णा या वयात मला म्हणतात, चल बे आपण दोघं शिकू! मला तर एक्सेलसुद्धा धड येत नाही.

तर शिफ्ट सुटल्यावर जाता येईल असा क्लास कुणाला माहितीय का? फी साधारण किती? शिकवणारा तेलुगू बोलणारा असेल तर फारच बरं, अण्णांना तेलुगूतनं पटकन कळतं. डिझाईनचं जुनं सॉफ्टवेअर वापरलेलं कुणी असेल तर घरी सरावाला कॉम्प्युटर कसला घ्यावा तेपण सांगा, सेकंडहॅण्ड चालेल.