गाडीची दुसरी चावी गाडीतच लपवून ठेवावी का?

सह्यभटक्या

गेल्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावरून पाचनईला उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. आम्ही पाचजण, नखशिखांत भिजलेले. गाडीपाशी येऊन सॅकच्या वरच्या कप्प्यात हात घातला, तर चेन अर्धी उघडी आणि चावी गायब. वाटेत ओढ्याच्या काठी बसून बुटांतली माती धुतली होती, तिथेच पडली असणार. अंधारात परत वर जाण्यात अर्थ नव्हता. मोबाइलला रेंज नाही. गावातल्या एका मुलाने मला बाइकवर घालून राजूरच्या वाटेला नेलं, तेव्हा कुठे पुण्यात भावाला फोन लागला. तो कपाटातली दुसरी चावी घेऊन निघाला आणि रात्री दोनला पोचला. ज्या मावशींकडे सकाळी पिठलं-भाकरी खाल्ली होती त्यांनीच तोवर पडवीत जागा दिली, चुलीपुढे बसवलं. आमच्यातल्या एकाला ताप भरला होता. त्याच्या गोळ्या आणि सगळ्यांचे कोरडे कपडे मागच्या सीटवर, काचेतून दिसत होते.

त्या दिवसापासून माझी दुसरी चावी गाडीखाली असते. लोहचुंबकाची डबी मी वापरत नाही. आताच्या गाड्यांना खालून प्लास्टिकच जास्त, आणि जिथे लोखंड सापडतं तिथे चिखलाचा थर. घाटातल्या खड्ड्यांत अशी डबी कधी गळून पडेल सांगता येत नाही. मी चावी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि चासीच्या भोकातून तारेने आवळली. तार हाताने पीळ सुटेल इतकीच जाड घेतली, कारण पक्कड गाडीच्या आत असते.

शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगावं.

जुनाजाणता

अजिबात पटत नाही. मोटार विम्याच्या क्लेमचं काम मी पंधरा वर्षं केलं आहे, त्यावरून सांगतो.

गाडी चोरीला गेली की विमा कंपनी एफआयआर आणि आरसीबरोबर दोन्ही मूळ चाव्या मागते. तुमची एक चावी गाडीबरोबरच गेली. मग तुम्ही काय लिहून देणार? खरं लिहिलंत तर पॉलिसीतल्या अटीवर बोट ठेवलं जाईल: गाडी सुरक्षित राहावी म्हणून मालकाने वाजवी ती सगळी काळजी घ्यायला हवी. खोटं लिहिलंत तर पूर्ण क्लेम बुडेल, आणि तो बुडायलाच हवा. ड्रायव्हर ट्रकला चावी ठेवून खाली उतरला आणि ट्रक गेला, असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०२३ च्या निकालात न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारू दिला नाही, पण ७५ टक्केच मंजूर केले. आठ लाखांच्या गाडीवर हा हिशोब करून बघा.

चाकाच्या वरची पोकळी, नंबर प्लेटच्या मागची फट, बंपरच्या आतली कड या जागा तुम्हाला सुचतात तशा चोरालाही सुचतात. तुमची तार त्याच्याही हाताने सुटते.

सह्यभटक्या

विम्याचा मुद्दा मान्य. पण पायथ्याच्या गावात अंगणात लावलेली गाडी चोरीला जाण्यापेक्षा चावी हरवण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. तापाने फणफणलेल्या मित्राला घेऊन त्या रात्री तिथे बसलेल्या माणसाला ७५ टक्क्यांचा हिशोब सुचत नाही.

जुनाजाणता

तार बांधलेली गाडी वर्षातले दहा दिवस पाचनईत असते आणि उरलेले दिवस शहरात रस्त्यावर उभी असते. धोका त्या उरलेल्या दिवसांचा आहे.

पानापक्कड

माझं गॅरेज आहे. दोघांच्या वादात एक गोष्ट सुटते आहे. दार उघडणं वेगळं आणि इंजिन चालू होणं वेगळं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक मोटारींच्या चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते ही चिप वाचतं. चिप ओळखीची निघाली तरच गाडी चालू राहते. या चिपला सेल लागत नाही, म्हणून रिमोटचा सेल संपला तरी चावीने गाडी चालू होते. काशीदच्या समुद्रात भिजलेल्या चाव्या माझ्याकडे आल्या आहेत. रिमोट मेलेला, पण गाडी चालू झाली.

तेव्हा बाहेर लपवायचीच तर बिनचिपची साधी चावी लपवा. कोपऱ्यावरचा चावीवाला मशीनमध्ये मूळ चावी आणि कोरी पट्टी शेजारी शेजारी आवळतो, एकीच्या दातांवरून दट्ट्या फिरतो आणि दुसरी कापली जाते. कापून झाल्यावर लगेच घरी नेऊ नका. तिथेच दाराला लावून तीन-चार वेळा फिरवा. अडली तर कडेची कुसं कानशीने काढून घ्या. कधीच न वापरलेली डुप्लिकेट ऐन वेळी कुलपात अडते, हे मी नेहमी बघतो.

ही चावी चोराला मिळाली तरी तेवढ्यावर इंजिन चालू राहत नाही.

आणि बटण स्टार्टवाल्यांनी नीट वाचा. तुमची स्मार्ट की गाडीजवळ लपवली तर गाडीला ती जाणवते आणि दार कुणालाही उघडू शकतं. चंदेरी कागदात गुंडाळून भागेलच असं नाही. त्या रिमोटच्या पोटात एक पातळ चावी सरकवलेली असते, ती काढून बघा. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप काही गाड्यांत हँडलवरच्या झाकणाखाली असतं, तेही आजच शोधून ठेवा. त्या चावीने दार उघडल्यावर बऱ्याच गाड्या भोंगा वाजवतात, दचकू नका. रिमोटचा सेल गेला असेल तर तोच रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा.

सह्यभटक्या

माहितीबद्दल मनापासून आभार. पण पाचनईत माझी चावी हरवली होती. बिनचिपच्या चावीने गाडी तिथून हलली नसती.

पानापक्कड

नसती हलली. पण गोळ्या आणि कोरडे कपडे हातात आले असते, तुम्ही काचा लावून आत झोपला असता. भाऊ सकाळी उजेडात निघाला असता. पावसात मध्यरात्री त्या रस्त्याने गाडी आणणं हाही धोकाच होता.

निफाडची_लेक

तुम्ही सगळे ट्रेकचं बोलताय. माझ्या बाबतीत हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये घडलं. मे महिना, दुपारी साडेबारा. दीड वर्षाच्या मुलाला सीटवर बांधलं, तो रडत होता म्हणून खेळायला चावी दिली, दार लावून पुढे वळले आणि कट्ट आवाज आला. त्याने बटण दाबलं होतं. चारही दारं बंद. दुसरी चावी नवऱ्याच्या बॅगेत, तो अंबडला कंपनीत.

मी काचेवर टकटक करून त्याला "हे दाब, हे दाब" सांगत होते. आधी तो हसला. मग त्याचे केस कपाळाला चिकटायला लागले. उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढतं, हे नंतर वाचलं. वॉचमनदादांनी हातोडी आणली. त्याच्यापासून सर्वांत लांबची बाजूची काच, मधोमध नाही तर कोपऱ्यात मारली, दुसऱ्या घावाला चुरा झाला. पुढची मोठी काच फोडायला कुणी जाऊ नका, ती दोन थरांची असते, तडे जातात पण वाट होत नाही. आत मूल असेल तर चावीवाल्याची वाट बघू नका. एकाने काच फोडावी, दुसऱ्याने ११२ लावावा.

चावीबद्दल माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. ती माणसाकडे असावी. आता आमची दुसरी चावी समोरच्या काकूंकडे असते, त्यांची आमच्याकडे. सह्यभटक्या, तुम्ही पाचजण होतात. दुसरी चावी दुसऱ्याच्या सॅकमध्ये असती तर भावाला उठावंच लागलं नसतं.

कोथरूडकर_स्कूटरवाली

दोनचाकीचंही लिहिते. डिकीत पिशवी ठेवताना चावी आत राहते आणि सीट नुसती दाबली की लॉक होते. मी सवय लावून घेतली: चावी डाव्या मुठीत दिसल्याशिवाय उजवा हात सीटवर ठेवायचा नाही. दुसरी चावी पर्सच्या आतल्या कप्प्यात, आणि पर्स डिकीत कधीच नाही.

सह्यभटक्या

निफाडची लेक, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवेना. बाळ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्याच्या सॅकचं म्हणणं पूर्ण पटलं, इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही!

पण मी महिन्यातून एकदा एकटा जातो, तेव्हा दुसरी सॅक नसते. काल खाली सरपटून तार सोडवली आणि चिपची चावी काढली. ट्यूब फाडल्यावर आत पाणी निघालं, चावीवर गंज धरायला लागला होता. चावीवाल्याकडून साधी चावी कापून घेतली. पहिली खरंच अडली, दुसरी नीट फिरली. ती आता त्या जागी बांधली आहे. एकटा असेन तेव्हा चिपची चावी जिथे जेवतो त्या घरी, पाकिटात घालून देणार. पाचनईच्या मावशी सांभाळतील याची मला खात्री आहे.

जुनाजाणता

हे बरं केलंत. तरी एक सांगतो. बिनचिपच्या चावीनेही दार उघडतं, स्टिअरिंगचं लॉक सुटतं आणि गाडी टो करून नेता येते. शहरात परतलात की तीही काढून घरी ठेवा, निघायच्या आदल्या रात्री बांधा. माझा विरोध तेवढ्यापुरता कायम आहे.

सह्यभटक्या

दर वेळी सोडबांध माझ्याकडून होणार नाही, खोटं कशाला बोलू. ती तिथेच राहील. चिपची चावी मात्र घरच्या कपाटातून फक्त ट्रेकला बाहेर पडेल, एवढं तुमचं ऐकतो. रविवारी राजमाचीला चौघं निघतोय, ती कुणाच्या सॅकमध्ये द्यायची ते ठरलंय.