जहाजावर चोर चढले तर नेमकं येतं कोण? (मुलगा बोटीवर आहे)

थर्डमेटची_आई, दादर
मुलगा बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या मोठ्या जहाजावर, थर्ड मेट (कनिष्ठ अधिकारी) आहे. सध्या सिंगापूरहून सुएझकडे निघालेत. परवा व्हिडिओ कॉलवर डेकच्या कठड्याला काटेरी तारांची वेटोळी दिसली. विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, रूटीन." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बातम्यांत सारखं ऐकते, अमुक देशांनी सागरी सुरक्षेसाठी हात मिळवले. मग रात्री दोन वाजता कोणी जहाजावर चढलं, तर त्या हातांपैकी येतो कुणाचा? कंपनीच्या ऑफिसात फोन केला, तर "मॅडम, सगळं प्रोसिजरप्रमाणे आहे" एवढंच ऐकवलं.

वडापाव_एक्सप्रेस
ताई, दादर स्टेशनवर पाकीट मारलं तर कोण येतं? 😄

निवृत्त_चीफमेट, मुलुंड
वडापाव, आईला चेष्टा सुचत नसते रे.

ताई, 31 वर्षं बोटीवर काढली. सिंगापूरची सामुद्रधुनी आणि एडनचं आखात, दोन्हीकडचं उत्तर वेगळं आहे.

सिंगापूरला येतात ते भुरटे चोर. लहान होडीतून, अंधारात, मागच्या बाजूने. भरलेली बल्क कॅरिअर पाण्यात खोल बसलेली असते, वेगही कमी, त्यामुळे चढायला सोपी. आमच्या बोटीवर पहाटे तीनला चढले. इंजिन स्टोअरचं कुलूप तोडून सुटे भाग पोत्यात भरले आणि पसार. ऑइलरने (इंजिनरूममधल्या खलाशाने) पाहिलं, अलार्म वाजला, कॅप्टनने किनाऱ्याला रेडिओवर कळवलं. मदत निघालीसुद्धा, पण तोवर होडी हद्दीपलीकडे. फिलिप्स चॅनेलपाशी वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर रुंद. इकडे सिंगापूर, तिकडे इंडोनेशिया. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत घडलं की कायदा त्याला चाचेगिरी म्हणतच नाही, ती सशस्त्र चोरी, आणि शेजारच्या देशाची बोट परवानगीशिवाय पाठलाग करत आत शिरू शकत नाही. 2004 पासून मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर मलाक्कात गस्त घालतात, 2008 ला थायलंडही आलं. पण प्रत्येकाने आपापलं अंगण झाडायचं, अशी ती गस्त.

तरी फुकट नाही हो. 2005 मध्ये लंडनच्या विमावाल्यांनी मलाक्का युद्धजोखमीच्या यादीत (जिथे विम्याचा जादा हप्ता लागतो) टाकली होती, 2006 मध्ये काढावी लागली. विमावाला भाषणाला भुलत नाही.

एडनच्या आखातात उलटं. खुला समुद्र, त्यामुळे कुठल्याही देशाचं नौदल चाच्यांना धरू शकतं. 2008 पासून आपलंही तिथे आहे. मुलाच्या जहाजाने आधीच नाव, वेग, वेळ कळवलेली असणार. वाट ठरलेली, जवळपास 490 सागरी मैल, आजूबाजूला युद्धनौका. शिवाय गुरुग्रामला आपल्या नौदलाचं माहिती केंद्र आहे 2018 पासून, तिथे इतर देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसतात. समुद्राचा वाससुद्धा नाही तिथे, पण जहाज कुठे भरकटतंय ते आधी त्यांना कळतं! सहकार्य म्हणतात ते बहुतेक हेच. एकाने पाहिलेलं दुसऱ्याला तासाभरात कळणं.

खोटं नाही सांगत, तांबड्या समुद्रातल्या क्षेपणास्त्रांपुढे ती काटेरी तार कामाची नाही. तिथून जायचं की आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालायचा, हे कॅप्टन आणि कंपनी ठरवतात.

फोर्टचा_वकील
काकांनी पकडण्याचं सांगितलं. पकडून न्यायचं कुठे, हा त्याहून मोठा घोळ. 1999 मध्ये 'अलाँड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालं आणि पळवलं गेलं. चाच्यांनी नाव रंगवून 'मेगा रामा' केलं. क्वालालंपूरच्या चाचेगिरीची खबर ठेवणाऱ्या केंद्राने सगळीकडे खबर दिली, आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने अरबी समुद्रात गाठलं, मुंबईला आणलं. 2003 मध्ये सत्र न्यायालयाने 7 वर्षं दिली, 2005 मध्ये उच्च न्यायालयात सगळे सुटले. आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता! तो आला 2022 चा. म्हणून 2024 च्या मार्चमध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरचे 35 सोमाली चाचे आणले, तेव्हा मुंबईच्या यलोगेट पोलिसांकडे लावायला कलमं तरी होती. त्या जहाजावरचे 17 जण सुखरूप सुटले, ताई.

थर्डमेटची_आई, दादर
काका, वकीलसाहेब, आभारी आहे. ती 490 मैलांची वाट पार करायला वेळ किती लागतो?

निवृत्त_चीफमेट, मुलुंड
12 नॉट्स (तासाला 12 सागरी मैल) धरले तर जवळपास 41 तास. त्या वेळात फोन आला नाही तर घाबरू नका. थर्ड मेटला दुप्पट लुकआउट (टेहळणी) असतो, पोरगं वॉच (पहाऱ्याची पाळी) संपली की आडवं होतं.

थर्डमेटची_आई, दादर
रविवारी पहाटे शिरणार म्हणालाय. म्हणजे सोमवारी रात्री दहापर्यंत. आजच वरण दोनदा करपलंय.

वडापाव_एक्सप्रेस
सॉरी ताई. सोमवारी रात्री इथे कळवा, जागा राहतो.