मदत हवी आहे : फ्री डिशची छत्री आणि एलएनबीचा पीळ

रत्नागिरीत घराच्या गच्चीवर डीडी फ्री डिशसाठी ६० सेंटिमीटरची छत्री नव्याने बसवत आहे. उपग्रह जीसॅट-१५ असून त्याचे स्थान ९३.५ अंश पूर्व आहे. त्यावरून येथील छत्रीची दिशा खऱ्या उत्तरेपासून सुमारे १२८ अंश आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ५९ अंश येते. खांब ओळंब्याने तपासला आहे, आग्नेयेला झाड किंवा भिंत नाही, केबल व कनेक्टर नवे आहेत आणि एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) युनिव्हर्सल प्रकारचा असून सेट-टॉप बॉक्समध्ये त्याच्या वारंवारतेची ९७५०/१०६०० (मेगाहर्ट्झ) हीच नोंद आहे.

तरीही बॉक्सच्या पडद्यावर सिग्नलची स्ट्रेंथ (ताकद) ८५ टक्के दिसते, पण क्वालिटी (दर्जा) शून्यच राहते. (स्ट्रेंथचा आकडा छत्री आभाळात कुठेही वळवली तरी जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही.) एकदाच क्वालिटी ४० पर्यंत गेली, परंतु शोध घेतल्यावर केवळ सशुल्क वाहिन्या सापडल्या, त्या बहुधा शेजारच्या ९५ अंशांवरील उपग्रहाच्या असाव्यात.

गणिताने एलएनबीचा पीळ (म्हणजे तो स्वतःभोवती किती फिरवायचा तो कोन, स्क्यू) सुमारे ४८ अंश येतो, मी मात्र तो आतापर्यंत शून्यावर ठेवला होता. सिग्नल मीटर उपलब्ध नाही. छत्रीच्या मागे उभे राहून आभाळाकडे पाहताना हा पीळ घड्याळाच्या दिशेने द्यावा की उलट, आणि तो दिल्यावर ९५ वरून ९३.५ वर येण्यासाठी छत्री उजवीकडे साधारण किती सरकवावी?